संपादकाच्या हाती हस्तलिखित देताना

"पुस्तक तयार आहे, फक्त तेवढं शुद्धलेखन बघून द्या." नवा लेखक संपादकाला फोन करतो तेव्हा पहिलं वाक्य बहुधा हे असतं. दुसरं असतं, "आमच्या साडूंनी वाचलं, त्यांना फार आवडलं." साडूंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ज्या माणसाला पुढच्या रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचंय, तो तुमच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल खरं बोलणार नाही. त्यासाठी परका माणूस लागतो. आणि त्या परक्या माणसाशी काम कसं करायचं हे मराठीत फारसं कोणी सांगत नाही, कारण कितीतरी लेखकांची तीन-चार पुस्तकं येऊन जातात, तरी त्यांना संपादक असा कोणी भेटलेलाच नसतो.

मी पुण्यात हे काम करते. सुरुवात प्रूफं वाचण्यापासून झाली, मग एका प्रकाशनसंस्थेत नोकरी, आता घरूनच, स्वतंत्रपणे. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, मध्येच एखाद्या डॉक्टरांचे अनुभव. लेखक मला ताई म्हणतात. रागावले की मॅडम.

खाली बरंच काही सांगणार आहे, पण नियम एकच आहे: दोन्ही बाजूंनी गुपचूप काही करायचं नाही. संपादकानं केलेला प्रत्येक बदल लेखकाला दिसला पाहिजे आणि लेखकानं नंतर केलेला प्रत्येक बदल संपादकाला कळला पाहिजे. स्वभाव जुळले नाहीत तरी पुस्तक नीट होतं. हा नियम मोडला की मात्र चांगल्या ओळखीतली माणसंही एकमेकांचे फोन घेईनाशी होतात.

नक्की कोण भेटलंय, ते आधी विचारा

मराठी प्रकाशनव्यवहारात 'संपादन' या नावाखाली चार वेगवेगळी कामं चालतात. कोणी सगळं हस्तलिखित वाचून दोन-तीन पानांचा अभिप्राय देतं. कोणी रचनेत हात घालतं: हे प्रकरण आधी घ्या, हा मामा कादंबरीत कशासाठी आहे, शेवट तीस पानं आधीच झालाय. कोणी वाक्यावाक्यावर काम करतं. आणि कोणी मुद्रितशोधन करतं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, राहून गेलेले शब्द. बऱ्याच ठिकाणी यातलं शेवटचं काम तेवढं होतं आणि प्रकाशक सांगतो, "आमच्याकडे संपादन होतं." तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी तेच संपादन.

म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारा. माझ्या पुस्तकावर यांतलं काय होणार? कोण करणार? त्या व्यक्तीशी मला थेट बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला "आमच्यामार्फतच बोला" असं उत्तर आलं, तर थोडं थांबा. मधल्या माणसातून आलेली शंका एकतर आदेश होऊन पोचते किंवा पोचतच नाही.

कामांचा क्रमही बदलू देऊ नका. जे प्रकरण उद्या गळणार आहे त्यातल्या वेलांट्या आज दुरुस्त करणं म्हणजे दोघांचाही वेळ फुकट. तरी लेखक आधी शुद्धलेखनच मागतात, कारण त्यात मन दुखत नाही.

संपादक तुम्ही स्वतः शोधत असाल आणि मानधन तुम्हीच देणार असाल, तर आधी दहा पानांचा नमुना करून मागा. पैसे द्या, फुकट मागू नका. ही दहा पानं पुस्तकाच्या मधली द्या. पहिली पानं तुम्ही स्वतःच घासूनपुसून ठेवलेली असतात, त्यावरून काही कळत नाही. नमुना परत आला की बघा: स्वल्पविराम सगळे जागेवर, पण एकही प्रश्न नाही? तर मुद्रितशोधक भेटलाय, त्याच्याकडून तेच काम घ्या. सगळी वाक्यं गुळगुळीत झालीत आणि तुमचा आवाजच ऐकू येत नाही? त्या गृहस्थांना स्वतःचं पुस्तक लिहायचंय. समासात प्रश्न आहेत, त्यातले दोन तुम्हाला झोंबले आणि एकावर तुम्ही मनात म्हणालात, "हे मलाही खटकत होतं"? मग ठरवून टाका.

ठरलं की एक ईमेल. करारनाम्याचा बाऊ नको, पण लिखित हवं: कोणतं काम, किती फेऱ्या (दोन पुरतात), मुदत, मानधन पानावर की शब्दांवर, किती आगाऊ, पुस्तकात संपादकाचं नाव कुठे येणार, हस्तलिखित तिसऱ्या कोणाला दाखवायचं नाही. आणि आणखी एक ओळ, जी कोणी लिहीत नाही: मतभेद झाला तर मजकुराबाबत शेवटचा शब्द लेखकाचा. कायदाही लेखकाच्याच बाजूचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे आपल्या लेखनाची प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, अगदी कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे केला असला तरी. हे संपादकाला धमकावण्यासाठी सांगत नाही. उलट, शेवटचा शब्द आपलाच आहे हे माहीत असलेला लेखक शांतपणे ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे. ज्याला ते माहीत नसतं तो प्रत्येक स्वल्पविरामासाठी लढतो.

फाइल कशी द्यावी

हे पटकन. एकच वर्ड फाइल, युनिकोडमध्ये. पीडीएफ नको, प्रकरणागणिक बावीस फायली नकोत, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तर नकोच. पानांना क्रमांक घाला. हातानं लिहून डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं असेल, तर आधी तुमच्या कागदांशी ताडून बघा; नाहीतर मी टायपिस्टच्या वाक्यांचं संपादन करत बसते आणि तुम्ही म्हणता, "मी असं लिहिलंच नव्हतं." बोलून टाइप केलं असेल तर तसं सांगा. त्या चुका वेगळ्या असतात. सगळे शब्द शुद्ध असतात, फक्त ते तुमचे नसतात.

सोबत एक पान जोडा: पुस्तक कोणासाठी आहे, तुम्हाला स्वतःला कुठे शंका आहे, आणि कशाला हात लावू नये. या तिसऱ्या गोष्टीबद्दल लेखक संकोचतात. संकोचू नका. एकदा एका बाईंनी लिहिलं होतं, "आजीची ओवी जशीच्या तशी ठेवा, तिच्यात मात्रा कमी आहे हे मला माहीत आहे." माझा अर्धा तास वाचला आणि बाई काय जपू बघतायत तेही कळलं.

खुणा परत आल्यावर

इथे खरं काम सुरू होतं आणि बरीचशी नाती इथेच बिघडतात.

संपादित फाइल उघडली की पान लाल दिसतं. वर्डमध्ये बदलांची नोंद चालू ठेवली की खोडलेलं, घातलेलं, समासातली टिपणं, सगळं रंगीत दिसतं. तसं दिसणं हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. मला भीती वाटते ती स्वच्छ फाइल परत करणाऱ्या संपादकाची. "काळजी करू नका, सगळं करून टाकलंय" असं कोणी म्हणालं, तर मूळ फाइल आणि ही फाइल वर्डमध्येच शेजारी ठेवून तुलना करा आणि काय केलंय ते बघा.

पहिल्या दिवशी फक्त संपादकाचं पत्र वाचा. फाइल बंद करा. त्या रात्री उत्तर लिहू नका, विशेषतः जेवणानंतर. दोन-चार दिवसांनी परत बसा आणि प्रत्येक टिपणाला तीनपैकी एक उत्तर द्या: "मान्य"; "अमान्य, कारण हे"; किंवा "जागा मान्य, उपाय अमान्य, मी दुसरं काही करतो". हे तिसरं उत्तर सगळ्यात मोलाचं. वाचताना आपण कुठे अडखळलो हे संपादक बऱ्यापैकी अचूक सांगू शकतो. तिथे काय हवं होतं, हे तो अंदाजानं सांगतो. ते तुम्हालाच माहीत असतं.

उदाहरण देते. एका कादंबरीत मी टिपण लिहिलं होतं: "पान ५७. आई इथे रडते. पान ५५ वर ती रडली नाही म्हणून गावानं नावं ठेवली असं आहे. रडणं हवंच का?" माझा कल ते काढण्याकडे होता. लेखकाचं उत्तर आलं: "हवं. मागे लोक बघतायत, इथे ती एकटी आहे. पण तुम्हाला ते कळलं नाही, म्हणजे लिहिलंय ते पुरत नाही. दार लोटून घेतल्याचं एक वाक्य घालतो." घातलं. रडणं राहिलं, आणि आता ते कोणी काढायला सांगणार नाही.

याउलट आत्मचरित्रकारांचं ठरलेलं उत्तर: "पण ताई, हे खरंच असं घडलंय. मी स्वतः तिथे होतो." अहो, तुम्ही होतात, वाचक नव्हता. प्रसंग खरा की खोटा असा प्रश्न मी विचारलेलाच नसतो. सहा पानं चाललेल्या त्या बदलीच्या प्रकरणात कोणत्या साहेबांनी कोणाला फोन केला हे वाचकानं का लक्षात ठेवायचं, एवढंच विचारलेलं असतं.

मात्र खरं-खोटं विचारायची वेळही येते. जलसंपदा विभागातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांच्या आठवणींत पानशेतचा पूर होता. जन्म १९५१चा लिहिलेला आणि पुराच्या दिवशी आपण आठवीच्या वर्गात होतो असंही लिहिलेलं. धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. दहा वर्षांचा मुलगा आठवीत कसा? त्यांना आधी राग आला, मग जुने दाखले निघाले आणि कळलं की आठवीत थोरला भाऊ होता. ती आठवण मुळात भावाची होती, घरात इतक्या वेळा ऐकलेली की स्वतःची झाली होती. त्यांनी तेच लिहिलं, आणि ते प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात चांगलं झालं. असे प्रश्न आले की अपमान मानू नका. १९७५ सालच्या गोष्टीत 'लातूर जिल्हा' आला की संपादकानं टोकलंच पाहिजे, कारण तो जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला १९८२ साली. १९९० सालच्या नायकाच्या खिशात मोबाइल वाजला तरी टोकलं पाहिजे; ती सेवा आपल्याकडे आली १९९५ साली. आणि बाविसाव्या पानावर वारलेले काका एकशे चाळिसाव्या पानावर चहा पीत असतील, तर मग काय बोलायचं.

प्रकरणाच्या सुरुवातीला आवडत्या कवीच्या ओळी घालायची आपल्याला फार हौस. तिथेही संपादक प्रश्न विचारेल. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं कॉपीराइट चालतो. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगीचा प्रश्न आहे. परवानगी मागायची तर ती लेखकानं, आत्ताच. पुस्तक छापखान्यात गेल्यावर नव्हे.

अमान्य करताना कारण लिहा, एवढी एकच विनंती. "माझी शैली आहे" हे कारण होत नाही. शैली असेल तर ती आणखी चार ठिकाणी दिसेल. ती ठिकाणं दाखवा, मी खूण मागे घेते. आमच्याकडे खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली की खोडणं रद्द. कागदाच्या काळातली ती खूण मला अजून आवडते. शब्द खोडला होता हेही दिसतं आणि परत घेतला हेही.

संपादकानं एखादा मुद्दा दुसऱ्यांदा काढला तर मात्र परत विचार करा. तिसऱ्यांदा काढला तर त्याला सांगा, की आता पुरे.

बोली असेल तर

हे सविस्तर सांगते, कारण इथे लेखकाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि बहुतेक वेळा ते कोणाच्याही वाईट हेतूशिवाय होतं.

अकोल्याकडच्या एका तरुण लेखिकेची कादंबरी माझ्याकडे आली ती एका ठिकाणाहून होरपळून. संवाद वऱ्हाडीत होते. तिथल्या कोणीतरी 'मले' दिसलं की 'मला' करायचं ठरवलं आणि संगणकाला सांगून एका फटक्यात सगळीकडे बदललं. संवाद तर मेलेच. पण 'लोक जमले'चं 'लोक जमला' झालं, 'नेमले'चं 'नेमला', आणि कमलला हाक मारणारी 'कमले' ही 'कमला' झाली. पोरीनं प्रूफ बघितलं तेव्हा तिला वाटलं आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलंय. कोणी तिला सांगितलंच नव्हतं.

बोलीत लिहिणाऱ्यांनी हस्तलिखितासोबत एक यादी द्यावी. "काऊन बे, मले काऊन नाही सांगतलं?" हे वाक्य तुमच्या पुस्तकात असेल तर 'काऊन' लिहायचं की 'काहून', 'रायला' की 'राह्यला', हे तुम्ही ठरवायचं, संपादकानं फक्त ते सगळीकडे पाळलं गेलंय ना ते बघायचं. दोन गावांत, दोन पिढ्यांत, दोन जातींत उच्चार वेगळे असतील आणि ते मुद्दाम वेगळे ठेवले असतील तर तसं लिहा: आजी असं बोलते, शिकलेला नातू तसं बोलतो. निवेदन कोणत्या भाषेत आहे तेही. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत ही जुनी वाट झाली. सगळंच बोलीत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण मग मध्येच चाळीस पानांवर थकून प्रमाणभाषेत सरकू नका. संपादकानं सरकलेली जागा दाखवायची, दुरुस्ती तुम्ही करायची, कारण मी पुण्याची आहे आणि मालवणीतलं 'माका' कुठे शोभतं आणि कुठे ओढूनताणून आणलेलं वाटतं हे माझ्या कानाला कळत नाही. अशा वेळी मी त्या भागातला एक वाचक मागते. तुम्हीही मागा.

आणि अर्थ कळणार नाही या भीतीनं कंस घालू नका. पहिल्यांदा शब्द येतो तिथलं वाक्य असं करा की अर्थ आपोआप कळेल. मागे शब्दार्थांची यादी द्यायला प्रकाशक सुचवेल. ती द्यायची की नाही हेही तुमच्या हातात आहे. माझं मत विचाराल तर देऊ नका.

मराठीत संपादक म्हटलं की नावं निघतात ती श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची, गिरगावातल्या खटाववाडीची, 'मौज' प्रकाशनाची आणि १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकाची. तिथून लेखकांना पत्रं जायची. कथेत कुठे काय सैल वाटलं, का वाटलं, ते सगळं लिहून. नवख्या लेखकालाही कारण कळायचं, त्याला उत्तर देता यायचं. आज फोनवर "जरा बघा ना" एवढं सांगून मोकळ्या होणाऱ्या आम्हा मंडळींना ते जमत नाही. पण याच 'सत्यकथे'चा अंक १९६९ साली लघुनियतकालिकांच्या, म्हणजे स्वतःच छोटे अंक काढणाऱ्यांच्या, चळवळीतल्या तरुणांनी जाळला, हेही विसरू नये. एका कार्यालयाच्या अभिरुचीतून जे सुटतं ते साहित्यच नाही असं वाटायला लागलं, की बाहेरचा माणूस काडी ओढणारच. मी या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवते. कारण लिहून दिलं तरी ते कारण एकाच गल्लीतलं असू शकतं. तुम्हाला तसं वाटलं तर तोंडावर सांगा.

शब्दांची यादी आणि बाकीची शिस्त

बोली नसली तरी यादी लागते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे अठरा आहेत. ते पाळूनही पर्याय उरतातच. 'केले, गेले' लिहायचं की 'केलं, गेलं'? निवेदनात एक आणि संवादात दुसरं चालेल. एकाच परिच्छेदात दोन्ही नको. आकडे अक्षरांत की अंकांत? 'डॉक्टर' की 'डॉ.'? अडलं की अरुण फडके यांचा कोश उघडायचा की यास्मिन शेख यांचा? कोणताही एक घ्या आणि त्यावर ठाम राहा. ही यादी पहिल्या फेरीनंतर संपादकाकडून मागून घ्या. पुढे मुद्रितशोधकाला आणि मांडणी करणाऱ्याला तीच जायला हवी, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या शाळेतलं शुद्धलेखन लावतो.

संपादन चालू असताना तुम्ही त्याच फाइलवर काम करत बसू नका. हा नियमाचा दुसरा अर्धा भाग, आणि लेखक तो सर्रास मोडतात. माझं निम्मं काम झालेलं असतं आणि रात्री ईमेल येतं: "सोबत 'अंतिम_नवीन_२' जोडली आहे, थोडे बदल केलेत." कुठे केलेत? "असेच, इकडेतिकडे." काही सुचलं तर वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि फाइल तुमच्याकडे आली की घाला, रंगीत दिसेल असं.

तारखेबद्दलही थोडं. सभागृह आधी आरक्षित करू नका. प्रकाशन समारंभाची तारीख, पाहुणे, निमंत्रणपत्रिका सगळं ठरवून मग हस्तलिखित घेऊन येणारे लेखक मी पाहिलेत. मग संपादकानं काय सुचवावं? "छान आहे" एवढंच सुचवता येतं. वडिलांच्या पंच्याहत्तरीला पुस्तक हवंय हे मला कळतं, तर मग त्र्याहत्तरीला या. प्रस्तावनेचंही तेच. मान्यवरांना कच्चं हस्तलिखित पाठवता, ते सातव्या प्रकरणाची तोंडभरून स्तुती करतात, आणि आता सातवं प्रकरण काढायचं कसं? प्रस्तावना हवीच असेल तर शेवटच्या फेरीनंतर मागा.

प्रूफ

पानं लागली, म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी झाली, की नवं लेखन बंद. याचं कारण छापखान्यात आहे. पुस्तकाचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट, साधारण सोळा पानांचा. २०८ पानांचं पुस्तक म्हणजे बरोबर तेरा फॉर्म. तुम्हाला प्रूफ बघताना मावशीची आठवण झाली, तीन पानं वाढली, २११ झाली. आता चौदावा फॉर्म उघडायचा आणि तेरा पानं कोरी सोडायची, की अर्धा फॉर्म करून पाच कोरी सोडायची, की अक्षर बारीक करून सगळी पानं पुन्हा लावायची? यातलं काहीही केलं तरी खर्च आहे, आणि पानं पुन्हा लावली की नव्या चुका आल्याच. मावशीला पुढच्या पुस्तकात घ्या.

प्रूफ संपादकानं आणि लेखकानं दोघांनीही बघायचं, पण वेगवेगळं. तुम्ही कशासाठी बघायचं? मुख्यतः मजकूर तुमचाच आहे ना यासाठी. अजूनही काही ठिकाणी मांडणी जुन्या फाँटांत होते. युनिकोडमधून तिकडे नेताना अक्षरं मोडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'ऱ्हास' अशा शब्दांवर आधी नजर टाका, मग जोडाक्षरं, मग अवतरणचिन्हं, कारण उघडणारं आणि मिटणारं चिन्ह एकसारखंच होऊन बसतं. पानाची शेवटची आणि पुढच्या पानाची पहिली ओळ सलग वाचा. मध्ये एखादी ओळ गळालेली सापडते. संवाद मोठ्यानं वाचा. प्रकरणांची नावं अनुक्रमणिकेशी ताडा. मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव अक्षर अक्षर वाचा. तिथे चूक असेल असं कोणालाच वाटत नाही, त्यामुळे ती तिथे राहते. मलपृष्ठावरचा मजकूर बहुतेकदा कोणीतरी घाईत लिहिलेला असतो आणि तो कोणाच्याच फेरीत नसतो. तो मागून घ्या.

श्रेयांच्या पानावर संपादकाचं नाव घालावं का? त्याला विचारा. मी कधी हो म्हणते, कधी नको. माझ्या खुणा निम्म्याहून जास्त फेटाळल्या गेल्या असतील तर नको म्हणते, रागानं नव्हे. ज्या निर्णयांत मी नव्हते त्यांवर माझी सही कशाला? मनोगतात आभार मानायचे असतील तर "ज्यांच्यामुळे पुस्तक वाचनीय झालं" असं लिहू नका. वाचकाला वाटतं, आधी काय होतं कोण जाणे.

पुस्तक आल्यावर चूक सापडतेच. पहिल्याच दिवशी, पहिलंच पान उघडताना. संपादकाला रात्री अकराला फोन करू नका. एक प्रत बाजूला काढा, वर 'दुरुस्तीप्रत' लिहा, सापडेल ती चूक पेनानं तिथेच करत जा, मागच्या कोऱ्या पानावर पान आणि ओळ लिहा. वाचकांनी कळवलेल्याही तिथेच. आणि प्रकाशकाकडून छपाईला गेलेली शेवटची फाइल मागून ठेवा, पीडीएफ नव्हे, जिच्यात बदल करता येतात ती. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी डीटीपीवाला बदललेला असतो, संगणक बदललेला असतो, कोणीतरी कुठून तरी जुनी फाइल काढतं, आणि पहिल्या प्रुफात काढलेल्या सगळ्या चुका परत छापल्या जातात. दुरुस्तीप्रत आणि ही फाइल, दोन्ही संपादकाला दाखवून मगच आवृत्ती सोडा.